वि-श्व की विश्-व? एका मराठी प्रार्थनेचे शब्द पाच रेघांखाली बसवताना

पुण्यातल्या एका समूहगायन मंडळासाठी मी एक मराठी प्रार्थना पाश्चात्त्य स्वरलेखनात संगणकावर नव्याने मांडली. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज, पियानोची साथ आणि दोन कडवी. सूर आधीच ठरलेले होते, त्यांना हात लावायचा नव्हता. काम होतं ते सगळं मजकुराचं: गीताचे शब्द, लयीच्या सूचना, शीर्षक, नावं आणि सरगम. सूर मांडणं हे खरं काम आणि शब्द टंकणं किरकोळ, असं बऱ्याच जणांना वाटतं. मराठी गीताच्या बाबतीत मला उलट अनुभव आला, म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहितो आहे.

गीत मंडळातल्याच एका ज्येष्ठ सभासदांचं, चाल दिग्दर्शक बाईंची. पहिलं कडवं असं:

सांज दाटली डोंगरमाथी,
वाऱ्यावरती घंटानाद;
ज्योत लावितो तुझ्या मंदिरी,
विश्व विठ्ठला देई साद.

मंडळात तीन तऱ्हेचे गायक आहेत. काही जण चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेले, पाच रेघा सहज वाचणारे. काही जण गायनाच्या क्लासमध्ये भातखंडे पद्धतीची स्वरलिपी शिकलेले, त्यांना सा-रे-ग लागतं. आणि काहींचं लक्ष दोन्हीपेक्षा शब्दांवरच असतं. आधीच्या प्रतीत शब्द रोमन लिपीत होते. रोमनमध्ये त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ एकाच अक्षराने लिहिले जातात. मंडळात मराठी मातृभाषा नसलेलेही गायक असल्यामुळे ‘दाटली’चा उच्चार जो तो आपल्या परीने करत होता. म्हणून देवनागरी प्रत हवी होती. कुणीतरी ती करायला घेतली होती आणि ती अर्धवट फाइल माझ्याकडे आली.

जुनी फाइल

फाइल म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये होती. कागदावर ती वाईट दिसत नव्हती. दोष आत होता. या प्रोग्रॅमला मजकुराचे प्रकार कळतात. गीताचे शब्द वेगळे, लयीची सूचना वेगळी, एकाच आवाजासाठीची टीप वेगळी, सगळ्यांसाठीची टीप वेगळी. प्रत्येकाची जागा, आकार, फाँट आणि वागणूक वेगळी ठरवता येते. जुन्या फाइलीत मात्र सगळा मजकूर एकाच प्रकाराने, म्हणजे एका आवाजाची टीप म्हणून लिहिला होता आणि माउसने ओढून हव्या त्या जागी नेला होता.

परिणाम तीन झाले. ‘संथ लयीत’ ही सूचना सोप्रानोच्या ओळीला चिकटवलेली होती. पूर्ण स्कोअरमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकाखाली एक असलेल्या प्रतीत, ती सगळ्यात वर दिसायची, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण आवाजवार प्रती वेगळ्या काढल्या तेव्हा आल्टो, टेनर आणि बासच्या प्रतींत ती सूचनाच नव्हती. कंट्रोल-टी दाबून लिहिलेला मजकूर त्या एका स्टाफचा, म्हणजे पाच रेघांच्या एका ओळीचा असतो. कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून लिहिलेला सर्वांचा. लयीसाठी तिसराच प्रकार आहे, ऑल्ट-शिफ्ट-टी. तो वापरला तर सगळ्या प्रतींत तर जातोच, शिवाय त्यातून संगणकावर ऐकतानाची लयही ठरवता येते. दुसरा परिणाम कागदाचा आकार बदलताना दिसला: हाताने ओढलेला मजकूर आपापल्या सुरांपासून सुटून भलतीकडे गेला. तिसरा सगळ्यात खोलवरचा होता. शब्दांचे तुकडे जोडणारी आडवी रेघ अक्षरासारखी टंकली होती. प्रोग्रॅमच्या लेखी ‘डों-’ हा एक पूर्ण शब्द होता आणि ‘गर-’ हा दुसरा.

हे का बिघडतं ते सांगायला हवं. गीताचे शब्द लिहिण्यासाठी कंट्रोल-एल दाबलं की हायफन, स्पेस आणि अंडरस्कोर या तीन कळा अक्षरं उरत नाहीत, आज्ञा होतात. स्पेस म्हणजे शब्द संपला, पुढच्या सुरावर जा. हायफन म्हणजे शब्द चालू आहे, पुढच्या सुरावर जा. अंडरस्कोर म्हणजे हेच अक्षर पुढच्या सुरावर लांबवा. हायफन आज्ञा म्हणून दिला की तुकडा शब्दाच्या सुरुवातीचा, मधला की शेवटचा ही माहिती फाइलीत नोंदली जाते. म्यूझिकएक्सएमएलमधून फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेली तरी ती टिकते. सूर लांब-जवळ झाले तरी रेघ दोन अक्षरांच्या बरोबर मध्ये राहते, आणि ओळ तुटली तर तीही नीट तुटते. टंकलेल्या रेघेला यातलं काहीच जमत नाही. ती अक्षराला चिकटून बसते.

म्हणून दुरुस्ती करत बसलो नाही. सुरांखेरीज सगळा मजकूर पुसला.

शब्द कुठे तोडायचा

पुन्हा लिहिण्याआधी गीत एका साध्या मजकूर फाइलीत तोडून घेतलं. असं केलं की तोडण्यावरची चर्चा स्वरलेखनाच्या प्रोग्रॅमबाहेर होते, कवी आणि दिग्दर्शक दोघंही कागदावर खुणा करू शकतात, आणि नंतर ते तुकडे कॉपी करून सुरांखाली एकेक चिकटवता येतात. लिलीपाँडसारखा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना तर हे सवयीचं आहे. तिथे शब्द मुळातच सुरांपासून वेगळे, तुकडे पाडून लिहावे लागतात.

जुन्या फाइलीतली तोड रोमन प्रतीवरून उतरवलेली होती. शेवटची ओळ तिथे ‘विश्-व विठ्-ठ-ला दे-ई साद’ अशी होती. इंग्रजी गीतांत जोडव्यंजन दोन तुकड्यांत वाटून टाकण्याची रीत आहे, तीच इथे आली होती. देवनागरीत त्यासाठी श आणि ठ चे पाय मोडावे लागले. मराठी वाचकाला असा पाय मोडलेला तुकडा वाचता येत नाही असं नाही, पण डोळा तिथे अडखळतो. आणि प्रश्न फक्त दिसण्याचा नव्हता.

शेवटी ही ओळ पुन्हा येते तेव्हा चाल रुंद होते आणि ‘वि’वर तीन ठोक्यांचा सूर आहे. तालमीत त्या सुराखाली ‘विश्’ वाचून काही जण दुसऱ्या ठोक्यालाच ‘श्’कडे वळत होते. श हे घर्षणाचं व्यंजन. कितीही वेळ लांबवता येतं. त्यामुळे चाळीसएक कंठांतून तो ‘श्श्’ वेगवेगळ्या वेळी निघून सुरावर पसरत होता आणि स्वरसंगती पातळ होत होती. बाई प्रत्येक वेळी सांगायच्या, “स्वर धरा, व्यंजन पुढच्या सुराला द्या.” जगभरच्या क्वायरमध्ये हेच शिकवलं जातं. इंग्रजी छपाई गायकाला याबाबत मदत करत नाही. ते शिकवावं लागतं. देवनागरी मात्र हे आपोआप सांगते. ‘वि-श्व’ असं लिहिलं की पहिल्या सुराखाली निखळ ‘वि’ आहे, धरायचा स्वर समोर आहे, आणि ‘श्व’ अख्खा पुढच्या सुराचा आहे. नवी प्रत हाती आल्यावर त्या जागी बाईंना थांबावं लागलं नाही. या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

यावर एक आक्षेप आला, आणि तो वजनदार होता. एका सभासदांनी विचारलं, “अहो, छंदात ‘विश्व’मधला ‘वि’ गुरू धरतात तो पुढच्या जोडाक्षराचा आघात मागे येतो म्हणूनच ना? मग श मागच्या तुकड्यात का नको?” छंदाचं म्हणणं बरोबरच आहे. या गीताच्या ओळी मात्रांनी बांधलेल्या आहेत आणि तो ‘वि’ दोन मात्रांचा आहे म्हणूनच चालीत त्याला लांब सूर मिळाला. पण ती लांबी सुराच्या आकारात आधीच लिहिलेली आहे. सुराखालच्या शब्दाने सांगायचं ते एवढंच, की तोंड केव्हा मिटायचं. ते म्हणाले, “मग ठीक आहे,” आणि ‘वि-ठ्ठ-ला’ची तोड त्यांनीच पक्की केली.

जोडाक्षराचा निकाल असा लागला. उलट्या बाजूचा प्रश्न ‘डोंगरमाथी’ने उभा केला. लिहिताना पाच अक्षरं, पण चालीत पहिल्या कडव्यासाठी चारच क्रॉचेट, म्हणजे एकेका ठोक्याचे सूर: डों, गर, मा, थी. र मधला अ गायला जात नाही. जुन्या फाइलीत अक्षरामागे एक सूर दिला होता, त्यामुळे ‘थी’ पुढच्या मापात सरकला आणि तिथून कडव्याच्या शेवटापर्यंत सगळे शब्द एका सुराने पुढे गेले. इथे ‘गर’ एका सुराखाली एकत्र हवा, आणि र चा पाय न मोडता. मराठी वाचक तो ‘गर्’ असाच वाचतो. पण हाच नियम ‘सांज’ला लावता येत नाही. बोलताना ‘सांज’ एका दमात संपतो, गाण्यात मात्र ‘ज’ला स्वतःचा छोटा सूर आहे, म्हणजे तिथला अ गायचा आहे. ‘दाटली’ तसाच, बोलताना दाट-ली, चालीत दा-ट-ली.

तेव्हा बोलीवरून किंवा लिहिलेल्या अक्षरांवरून तोड ठरत नाही. गाताना जितके स्वर उच्चारले जातात तितके तुकडे. जोडाक्षर न फोडता पुढच्या तुकड्यात. ज्या व्यंजनातला अ गायला जात नाही ते मागच्या तुकड्याला जोडून. या आधारावर दोन्ही कडवी बसली. अपवाद एकच निघाला, शेवटचा ‘साद’. तो तीन ठोक्यांच्या सुरावर एकत्र लिहिला की चार आवाज चार वेळी ‘द’ म्हणून तोंड मिटत. बाईंच्या संमतीने त्या सुराचा शेवटचा अर्धा ठोका वेगळा काढला, त्याखाली ‘द’ लिहिला, आणि ‘सा’पासून तिथपर्यंत लांबवण्याची रेघ ओढली. गाण्यात काही बदललं नाही, मात्र कधी मिटायचं ते आता कागदावर आहे.

भातखंडे पद्धतीत वाढलेल्यांनी रेघेऐवजी अवग्रह मागितला होता, ‘साऽऽद’ असा. त्या लिपीत अवग्रहाची गरज असते, कारण अक्षर किती मात्रा लांबवायचं हे तोच दाखवतो. पाच रेघांवर सुराचा आकारच ते सांगतो. दोन्ही चिन्हं एका कागदावर ठेवली तर एकच गोष्ट दोनदा लिहिली जाते आणि जागा जाते. रेघच ठेवली.

दुसरं कडवं

‘सांज दाटली डोंगरमाथी’च्या जागी दुसऱ्या कडव्यात ‘पाय थांबले तुझिया दारी’ येतं. मात्रा दोन्हीकडे सोळा, पण ‘डों’च्या एका लांब अक्षराच्या जागी ‘तु-झि’ ही दोन लहान अक्षरं. मात्रावृत्तात हे चालतंच, एका गुरूऐवजी दोन लघू. सुरांच्या छपाईत मात्र एका क्रॉचेटचे दोन क्वेव्हर, म्हणजे निम्म्या लांबीचे सूर, करावे लागतात. मग पहिल्या कडव्याचा गायक म्हणतो, मला दोन सूर का?

यावर छापील गीतसंग्रहांतली जुनी रीत आहे: दोन क्वेव्हर छापायचे आणि त्यांवर तुटक बांध, म्हणजे दोन सूर जोडणारी तुटक रेघेची कमान, घालायचा. तुटक बांध म्हणजे हा एका कडव्यासाठी आहे, दुसऱ्यासाठी नाही. पहिल्या कडव्यात ‘डों’नंतरचा क्वेव्हर रिकामा सोडला, दुसऱ्यात तिथे ‘झि’. मराठी गीत कडव्यावार एकाच चालीवर बसवायचं असेल तर ही अडचण जवळपास प्रत्येक गीतात येणार, म्हणून चाल लिहितानाच दोन्ही कडवी समोर असावीत असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

फाँट, उंची, वाऱ्यातला ऱ

म्यूझस्कोरचा मजकुराचा मूळ फाँट एडविन. त्यात देवनागरी अक्षरं नाहीत. तरी अक्षरं दिसतात, कारण संगणक आपल्याकडच्या दुसऱ्या फाँटातून ती उसनी घेतो: विंडोजवर बहुधा निर्मला, मॅकवर दुसराच एखादा. त्यांच्या रुंदी वेगळ्या, म्हणून एकीकडे नीट बसलेली ओळ दुसरीकडे सांडते. उपाय म्हणजे फाँट नावानिशी ठरवायचा, आणि तोही प्रत्येक शब्द निवडून नव्हे, तर शैलींच्या यादीत जाऊन. गीताच्या शब्दांच्या तिथे दोन शैली असतात, विषम ओळींची आणि सम ओळींची. एकच बदलली तर दुसरं कडवं जुन्याच फाँटात राहतं.

गीतासाठी टिरो देवनागरी मराठी घेतला. त्यात मराठी वळणाचे ल आणि श मुळातच आहेत. बाकी अनेक फाँटांत मराठी वळण मिळवायला ‘हा मजकूर मराठी आहे’ असं प्रोग्रॅमला सांगावं लागतं, आणि स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ती सोय सहसा हाताशी नसते. या फाँटाला ठळक रूप नाही. ठळकची कळ दाबली तर प्रोग्रॅम अक्षर नुसतं फुगवतो, शिरोरेषा जाड होते आणि ठ, ध, भ यांची पोटं बुजतात. म्हणून शीर्षक ठळक न करता मोठं केलं. भावदर्शक सूचना मूळ मांडणीत तिरप्या असतात. ‘हळुवार’, ‘आवाज वाढवत’ या सूचना मी सरळ आणि लहान ठेवल्या. तिरपी देवनागरी लहान आकारात, मंद उजेडाच्या सभागृहात वाचायला त्रास देते.

आकार १० पॉइंटवरून १२ केला. उंचीचं गणितही बदलावं लागलं. रोमन अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. पहिल्या कडव्याचा उकार दुसऱ्या कडव्याच्या वेलांटीवर बसत होता. ओळींमधलं अंतर शैलीतच वाढवलं. स्कोअर एका पानाने वाढला आणि पान उलटण्याची जागा पियानोच्या एकट्या तुकड्यात येईल असं पाहिलं.

‘वाऱ्यावरती’ जुन्या फाइलीत ‘वार्यावरती’ झालं होतं. मराठीत हा फरक अर्थाचा आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. साध्या र चा पाय मोडून य जोडला की रफारच येतो. अर्धा ऱ हवा तर ऱ हे वेगळं अक्षर वापरायचं, इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट धरून, मग पाय मोडायचा, मग य. अदृश्य जोडचिन्ह घालूनही तो मिळवता येतो, पण फाइल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना असली अदृश्य चिन्हं गळू शकतात. मी ती वापरत नाही.

सरगम

सरगम द्यायची तर सा कुठे, हे आधी. गीत डी मेजरमध्ये, म्हणून डी हा सा. आल्टोला एका जागी सी नॅचरल आहे, तो कोमल नि.

भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, तार सप्तकाला वर टिंब, मंद्राला खाली टिंब. संगणकावर लोक ही चिन्हं देवनागरीत आधीच असलेल्या खुणांनी भागवतात: कोमलसाठी वैदिक अनुदात्ताची खूण, ‘नि॒’, तीव्रसाठी स्वरिताची (युनिकोडमध्ये तिचं नाव उदात्त), ‘म॑’, मंद्रासाठी नुक्ता, ‘ध़’, तारसाठी अनुस्वार, ‘सां’. पहिल्या तिघांची हरकत नाही. चौथ्याने घोटाळा झाला: एकाच पानावर ‘सांज’मधला ‘सां’ आणि तार षड्जाचा ‘सां’, दिसायला तंतोतंत सारखे. पहिल्या नमुना प्रतीत सरगम शब्दांच्या खालीच होती, आणि एका गायिकेने ती तिसरं कडवं समजून वाचायला घेतली.

तेव्हा सरगम स्टाफच्या वर नेली. तीही गीताचीच एक ओळ म्हणून लिहिली, फक्त जागा ‘वर’ अशी ठरवून. त्यामुळे प्रत्येक स्वर आपल्या सुराला बांधलेला राहतो आणि हाताने काही ओढावं लागत नाही. फाँट वेगळा, नोटो सान्स देवनागरी, आकार लहान. अनुदात्ताची खूण त्यात नीट बसते. फाँट निवडताना ‘रे॒’ आणि ‘नि॒’ छापून पाहावे, कारण काही फाँटांत ही खूण अक्षराला धडकते किंवा नुसतं ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

चारही आवाजांची सरगम पूर्ण स्कोअरमध्ये घातली तर कागद काळा होतो. म्हणून सरगम फक्त आवाजवार प्रतींत आहे, आणि त्यासाठी फाइलीची दुसरी प्रत ठेवावी लागली. म्हणजे सूर बदलला तर दोन ठिकाणी बदला. हे मला आवडलेलं नाही, पण वाचणाऱ्यांची सोय त्याहून मोठी वाटली.

शेवटच्या पानावर दोन्ही कडवी ओळीओळीने, न तोडता, कवितेसारखी छापली. तुकडे झालेलं गीत गाता येतं, पण त्यातून कविता कळत नाही, आणि अमराठी गायकांना अर्थ समजावताना बाईंना सलग शब्द लागतात. कवींचं नाव डावीकडे, चाल लावणाऱ्या बाईंचं उजवीकडे, रूढ पद्धतीप्रमाणे.

पहिल्या छपाईनंतर टेनरच्या मंडळींनी विचारलं, ‘साद’च्या ‘द’ला वेगळा सूर दिला, तर ‘घंटानाद’च्या ‘द’लाही द्यावा का? बाईंनी नको म्हटलं. तिथे सूर एकाच ठोक्याचा आहे, लगेच श्वास आहे, आणि ‘द’ श्वासाच्या आधी सगळ्यांकडून एकत्रच येतो. त्या जागी ‘नाद’ एका सुराखाली एकत्र ठेवला आणि वर स्वल्पविरामासारखी श्वासाची खूण घातली, चारही आवाजांच्या प्रतींत.